उचललेल्या गाडीची कैफियत

मराठी माणूस कायद्याला कधी भ्यालेला नाही. वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा कायदा त्याला मुखोद्गत असतो, बांधावरील वहिवाटीसाठी तो दिवाणी न्यायालयात दोन पिढ्या उभा राहू शकतो, कुळकायद्याची कलमे तो पंगतीत ताकाची वाट पाहता पाहता सांगतो, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत उपविधींचे पुस्तक उघडून अध्यक्षांना घाम फोडण्याची विद्या तर त्याला उपजतच अवगत असते. परंतु भर बाजारपेठेत, जेथे आपण आपली दुचाकी उभी केली होती असे तो गंगाजळ हाती घेऊन सांगू शकेल, तेथे तेलाचा एक डाग तेवढा शिल्लक राहिलेला पाहून त्याची जी अवस्था होते, तिच्या निवारणार्थ त्याला एकही कलम आठवत नाही. तो प्रथम उजवीकडे पाहतो, मग डावीकडे पाहतो, मग काहीही कारण नसताना वर आकाशाकडे पाहतो, आणि सरतेशेवटी शेजारच्या पानवाल्याकडे पाहतो. पानवाला कात लावण्याचे काम न थांबवता व मान न उचलता, "उचलली" असे एवढेच सांगतो. पुढचा प्रश्न विचारण्यापूर्वीच तो चौकीचा पत्ता देतो, कारण दिवसातून अनेकदा तोच पत्ता देऊन त्याला त्याचा सराव झालेला असतो.

वस्तुतः सार्वजनिक रस्त्यावरून पोलिसांनी वाहन केव्हा हलवावे, कोणी हलवावे आणि हलविण्याचा खर्च कोणी सोसावा, याविषयीचा कायदा मुळीच गहन नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या एकशे सत्ताविसाव्या कलमात तो सारा सामावलेला असून, ते कलम छापील अर्ध्या पानाहून मोठे नाही. ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी समजून घेण्यासाठी चार टीकाकार धुंडाळणाऱ्या समाजाला हे अर्धे पान वाचण्यास सवड होऊ नये, याचे कारण आळस नव्हे. कारण असे की, गाडी उचलली जाण्यापूर्वी ते वाचण्याची गरज कोणास भासत नाही, आणि उचलली गेल्यानंतर ते वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसतो.

या कलमाची वंशावळ मात्र पाहण्यासारखी आहे. सरकारी अंमलदाराने रस्त्यावरून खाजगी मालमत्ता हाकून न्यावी आणि मालकाने मागाहून दंड भरून ती सोडवून आणावी, ही कल्पना मोटारीच्या जन्माआधीची आहे. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने जो पहिला कायदा मंजूर केला, तो गुरांच्या आगळिकीबद्दलचा होता. आणि त्याच्या अकराव्या कलमाने सार्वजनिक रस्ते, बागा, कालवे व बंधारे यांची राखण करणाऱ्यांना, तसेच पोलीस अंमलदारांना, असा अधिकार दिला होता की, रस्त्याची नासधूस करणारी किंवा त्यावर मोकाट हिंडणारी गुरे त्यांनी धरावीत आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या कोंडवाड्यात पोचती करावीत. दंडाचा तक्ता हत्तीपासून आरंभ होऊन शेळीच्या करडापर्यंत यथाक्रम उतरत येई. कोंडवाड्याच्या रखवालदाराने जनावरांना चारापाणी द्यावे, त्याचा खर्च मालकाकडून घ्यावा, मुदतीत कोणी रुजू न झाल्यास जनावराचा जाहीर लिलाव करावा, आणि कोंडवाड्याच्या वाटेवरील जनावर कोणी दांडगाईने सोडवून नेल्यास त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा व्हाव्यात, असा तो परिपूर्ण बंदोबस्त होता. आजच्या टोइंगच्या व्यवहारात असे एकही अंग नाही की ज्याचे बीज या कायद्यात सापडू नये. फरक पडला तो एवढाच की, बैलाला कोंडवाड्यात वैरण मिळत असे, आणि दुचाकीच्या पावतीवर वस्तू व सेवा कराची एक ओळ मिळते.

मालकाच्या स्वभावातही या दीडशे वर्षांत काही अंतर पडलेले दिसत नाही. आपला बैल पाटलाच्या जोंधळ्यात शिरला, हे त्या काळी कोणत्याही शेतकऱ्याने कबूल केल्याचा दाखला नाही. पाटलाचे रानच बैलाच्या दिशेने सरकत आले होते, असे तो चावडीवर शांतपणे सांगे. त्याचाच पणतू आज चौकीत उभा राहून, आपण गाडी लावली तेव्हा तेथे फलक नव्हता आणि तो मागाहून कोणीतरी आणून रोवला, असे तितक्याच शांतपणे सांगतो. त्याच्या वाणीत पूर्वजांचे तेज असते, आणि हवालदाराच्या मुद्रेवर चावडीवरील कुलकर्ण्याचे वैराग्य असते.

पुढे १९५१ साली मुंबई राज्याने आपला पोलीस अधिनियम केला, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालतो. त्याच्या एकशे दोनाव्या कलमात रस्त्यात अडथळा करण्यास जी मनाई केली आहे, ती वाचताना त्या काळचा एखादा बाजाराचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. माल चढविण्याउतरविण्यास किंवा उतारू घेण्यास लागेल त्याहून अधिक वेळ जनावर वा वाहन उभे ठेवू नये, गुरे बांधू नयेत, रस्त्याचा उपयोग तळ म्हणून करू नये, पेटी, गठ्ठा किंवा गाठोडे रस्त्यात टाकून ठेवू नये, आणि पाटीत वा फळीवर माल मांडून विकायला बसू नये, अशी ती तपशीलवार यादी आहे. यादी करणाऱ्याला आमच्या लोकांची नस अचूक सापडलेली होती, हे निर्विवाद. रस्ता म्हणजे जाण्यायेण्याची जागा, ही समजूत केवळ सरकारची. लोकांच्या मते तो ओसरीचाच, छप्पर घालावयाचा राहून गेलेला, विस्तार होय. म्हणूनच ज्याच्या घरासमोर चार हात डांबर आहे, तो त्या डांबरावर फुटकी कुंडी, मोडकी खुर्ची, सिमेंटने भरलेला डबा आणि टाकाऊ टायर यांची सीमारेषा आखून आपल्या मोटारीची जागा राखून ठेवतो, आणि तेथे परक्याने गाडी लावल्यास त्याला आपला सातबाराच कोणी खोडल्यासारखे दुःख होते.

आता मूळ, म्हणजे एकशे सत्ताविसाव्या, कलमाकडे वळू. त्यात पोलिसांना वाहन हलविण्याची जी निमित्ते दिली आहेत, ती मोजून तीन आहेत. वाहन सार्वजनिक जागी टाकून दिलेले असावे, किंवा दहा तास अथवा त्याहून अधिक काळ कोणी त्याकडे लक्ष न देता पडून असावे, हे पहिले. ज्या जागी वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे, तेथे ते उभे असावे, हे दुसरे. टाकून दिलेले, मोडलेले, जळलेले किंवा निम्मे सुटे झालेले वाहन आपल्या जागेमुळे वा आपल्या अवतारामुळे वाहतुकीस धोका अथवा अडथळा करीत असावे, हे तिसरे. आणि या तिसऱ्या प्रसंगी ते तत्काळ हलविण्याची मुभा आहे. पहिल्या दोन प्रसंगी हुकूम देणारा पोलीस अंमलदार त्या हद्दीचा असला पाहिजे व गणवेशात असला पाहिजे. वाहून नेण्याचा खर्च, अन्य शिक्षेखेरीज, मालकाच्या माथी. बस्स, कायदा संपला. त्यात क्रेन नाही, कर्णा नाही, आणि टेम्पोच्या मागील फळीवरून धावत्या स्थितीत उडी मारून तीन दुचाकींची हँडले एका श्वासात मोकळी करणारी ती चपळ पोरेही नाहीत. पोरे उचलतात, हे खरे. परंतु उचला म्हणण्याचा अधिकार त्यांचा नव्हे, तो पुढच्या आसनावर बसलेल्या गणवेशाचा आहे. गणवेश जागेवर नसेल, तर जे घडते त्यास कायदेशीर नाव शोधण्याची जबाबदारी त्या पोरांवर येते.

या कलमातील दहा तासांची मुदत हा मला नेहमीच चिंतनाचा विषय वाटत आलेला आहे. वाहन दहा तास बेवारस आहे असे ठरवावयाचे, तर कोणीतरी पहिल्या तासाला त्याची नोंद केली पाहिजे आणि दहाव्या तासाला परत येऊन ते तेथेच असल्याची खात्री केली पाहिजे. अशी खात्री करणारा अंमलदार शोधूनही सापडत नाही, हे सिद्ध करण्यास पुरावा शोधावा लागत नाही. कोणत्याही गल्लीच्या टोकाला तो चार चाकांवर, किंबहुना चारही चाकांतील हवा गेल्यामुळे केवळ चार लोखंडी वळ्यांवर, उभा असतो. त्या बेवारस मोटारीच्या काचेवरील धुळीत पोरांनी बोटाने नावे कोरलेली असतात, बॉनेटच्या फटीतून पिंपळाचे रोप डोकावत असते, मागील आसनावर मांजरीची दोन बाळंतपणे निर्विघ्न पार पडलेली असतात, आणि महानगरपालिकेचा झाडूवाला तिच्याभोवतीचा कचरा अशा आदराने वळसा घालून काढतो की, जणू ते एखाद्या अनामिक सत्पुरुषाचे वृंदावन आहे. कायद्याच्या पहिल्या निमित्तात ती बसते, तिसऱ्यातही बसते. तिच्याइतके सर्वलक्षणसंपन्न वाहन कलम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. तथापि तिच्या अंगाला कोणी हात लावीत नाही, आणि तिच्यापासून पंधरा पावलांवर, औषधाच्या दुकानात जाऊन येईपर्यंत उभी केलेली दुचाकी मात्र डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी अंतर्धान पावते.

या विरोधाभासाचे उत्तर कायद्यात नाही. ते व्यवहारात आहे, आणि एकदा उमगल्यावर फार सोपे आहे. भंगार गाडी उचलावी, तर तिची चाके फिरत नाहीत, ती ठेवावयास जागा लागते, आणि ठेवल्यानंतर तिच्यासाठी कोणीही पैसे घेऊन येत नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारांत मुद्देमाल म्हणून जप्त झालेल्या वाहनांवर वेली चढलेल्या आहेतच. त्यांत ही भर कोणी घालावी? दुचाकीचा मालक मात्र येतो. तो धावत येतो, घाम पुसत येतो, पाकीट हातात धरून येतो, आणि त्याला मुलाच्या शाळेत पोचण्याची घाई असल्यामुळे तो वादही फार वेळ घालू शकत नाही. म्हणजे ज्याने गाडी टाकून दिली, त्याला अभय. आणि ज्याचा गाडी टाकण्याचा स्वप्नातही विचार नव्हता, त्याला दंड. कलमाचे शीर्षक जरी टाकून दिलेल्या व लक्ष न ठेवलेल्या वाहनांविषयी असले, तरी त्याचा अंमल जो हमखास परत येणार आहे त्याच्याच वाहनावर होतो. या एका सूत्राने टोइंगचे सारे शास्त्र उलगडते.

दुसऱ्या निमित्ताचा, म्हणजे मनाई असलेल्या जागेचा, प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. कारण मनाई कोठे आहे, हे कळावयास मनाईचा फलक दिसला पाहिजे. वाहने कोठे उभी करावीत हे ठरविण्याचा व तसे फलक लावण्याचा अधिकार कायद्याने सरकारी यंत्रणेस दिलेला आहे, आणि ती यंत्रणा तो बजावतेही. पण फलक रोवून खाते निवृत्त झाले की, निसर्ग आणि राजकारण यांचे कार्य सुरू होते. प्रथम गुलमोहराची फांदी त्यावर हळुवार हात ठेवते. मग कोणा होतकरू नेत्याच्या वाढदिवसाचे अभीष्टचिंतन त्याच्या कंठाशी बांधले जाते. मग शिकवणीवर्गाची जाहिरात येते. आणि अखेर त्या साऱ्या आच्छादनाखालून बाणाचे एक टोक तेवढे उरते, ज्यावरून मनाई डावीकडे आहे की उजवीकडे, हे सांगावयास ज्योतिषीच पाहिजे.

ज्योतिषाची गरज पुण्यातील सम-विषम तारखांच्या रस्त्यांवर तर पदोपदी भासते. तेथे पी-१ आणि पी-२ असे फलक समोरासमोर उभे असतात. विषम तारखेस एका बाजूला गाडी लावावी आणि सम तारखेस दुसऱ्या बाजूला, अशी ती न्याय्य वाटणी आहे. तत्त्वतः याहून समतोल व्यवस्था कल्पिता येणार नाही. परंतु ज्या गृहस्थाला लग्नाच्या वाढदिवसाची तारीख पत्नीच्या मौनावरून ओळखावी लागते, त्याने भल्या सकाळी दूध आणावयास निघताना आजची तारीख दोनाने भागून पाहावी, ही अपेक्षा मोठीच म्हटली पाहिजे. शिवाय एकतीस आणि त्यानंतरची एक या दोन्ही तारखा विषम असल्यामुळे, वर्षातून सात वेळा सारी गल्ली दोन दिवस एकाच कुशीवर झोपते, आणि त्या दुसऱ्या दिवशी अंकगणितापेक्षा सवयीवर विसंबलेला माणूस ठरलेल्या क्रमाने पलीकडे जातो व उचलला जातो. आकाशातील ग्रहांनी माणसाचे नुकसान करण्याचे जे जे मार्ग आजवर सांगितले गेले आहेत, त्यांत हा एकच असा आहे की ज्याची पावती मिळते.

फलक नसला म्हणजे मनाई नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९८९ साली केंद्र सरकारने रस्त्यावरील वर्तनाचे जे नियम केले, आणि २०१७ साली ज्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, त्यांत वाहन कोठे उभे करू नये याची यादीच दिलेली होती. चौकात वा चौकाजवळ नको, वळणावर नको, चढाच्या माथ्यावर नको, पदपथावर नको, सिग्नलजवळ नको, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी नको, उभ्या वाहनाच्या अंगाला लावून दुसरी रांग नको, बसथांब्यापाशी नको, शाळेच्या वा रुग्णालयाच्या दारात नको, कोणाच्या फाटकासमोर नको, आगीच्या बंबाला पाणी देणाऱ्या नळापुढे नको, आणि रस्त्याच्या उलट्या बाजूस तर नकोच नको. ही यादी जो मनोभावे पाळील, त्याच्या ध्यानात येईल की, जुन्या पेठेत गाडी उभी करण्यास निर्वेध अशी जागा आपल्या घराची माडी हीच होय.

या यादीतील फाटकाच्या बाबीमुळे आमच्या शहरांत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार जन्माला आलेला आहे. फाटकासमोर गाडी लावणाऱ्याच्या चाकातील हवा सोडण्यात येईल, ही प्रतिज्ञा ज्या भिंतीवर नाही, ती भिंत पुण्यातील नव्हे. काही भिंतींवर हवा सोडण्याच्या वेळा दिलेल्या आहेत, काहींवर गाडी लावणाऱ्याच्या वाडवडिलांचा ओझरता उल्लेख आहे, आणि एकीवर तर "येथे गाडी लावल्यास परत मिळेलच असे नाही" असे अलिप्त तत्त्वज्ञान आहे. कायद्याच्या दृष्टीने या पाट्यांची किंमत त्यांच्या रंगाइतकी. वाहतुकीचा फलक लावण्याचा अधिकार घरमालकाला नाही, आणि दुसऱ्याच्या चाकातील हवा सोडण्याचा तर कोणालाच नाही. परंतु फाटक अडविणे पाटी नसतानाही नियमबाह्यच असल्यामुळे, पाटी लिहिणारा चुकीच्या मार्गाने बरोबर असतो, आणि गाडी लावणारा पाटीला हसत असताना पोलिसांच्या तावडीत सापडतो.

प्रत्यक्ष उचलण्याचा सोहळाही निरीक्षणीय असतो. प्रथम दुरून कर्ण्यावर गाड्यांच्या क्रमांकांचे पारायण ऐकू येते. त्याबरोबर उपाहारगृहांतून, केशकर्तनालयांतून, बँकेच्या रांगेतून माणसे अर्धवट अवस्थेत बाहेर पडतात; एकाच्या गालावर साबण असतो, दुसऱ्याच्या हातात वडा असतो, आणि बाजारातील ज्या बंधुभावाविषयी संत इतकी शतके सांगत आले, तो एका क्षणात प्रकट होऊन, अनोळखी माणूस अनोळखी माणसाची दुचाकी ओढून सुरक्षित गल्लीत नेऊन ठेवतो. ज्याची वाचत नाही, तो टेम्पोच्या मागे धावतो. "मामा, दोनच मिनिटं झाली हो!" "दोन मिनिटांचाच दंड आहे, चला चौकीला." "मामा, औषध आणायला गेलो होतो." "औषधाची पिशवी कुठंय?" "दुकान बंद होतं." या संवादाचे कर्तृत्व कोणा एकाकडे नाही, तो लोकवाङ्मय आहे, आणि प्रत्येक शहरात तो थोड्याफार पाठभेदांसह प्रचलित आहे.

कधीकधी उत्साहाच्या भरात मालक आणि मालमत्ता यांतील भेद विसरला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत टोइंगच्या गाडीने एक दुचाकी तिच्यावर बसलेल्या स्वारासकट अधांतरी उचलली, आणि ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने आपापल्या भ्रमणध्वनीवर पाहिले. त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठविण्यास विश्वामित्राला आपले तप वेचावे लागले होते. येथे ते कार्य एका साखळीने झाले. मुंबईत मालाड येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये याहून गंभीर प्रकार घडला: तान्ह्या मुलाला घेऊन आई मोटारीत बसलेली असताना ती मोटार ओढून नेण्यात आली, आणि संबंधित पोलीस शिपायास निलंबित व्हावे लागले. ज्या कलमाच्या शीर्षकातच टाकून दिलेली आणि लक्ष न ठेवलेली वाहने असे शब्द आहेत, त्याचा आधार घेऊन, आत माणूस बसलेले वाहन उचलावयाचे, म्हणजे त्या माणसाची गणना वाहनाच्या सुट्या भागांत करावयाची. एवढी तर्कशुद्धता कायद्यालाही अभिप्रेत नसावी.

कलमात उचलण्याला एक पर्यायही सांगितलेला आहे, आणि तो म्हणजे चाकाला खोडा घालणे. आमच्याकडे त्याला सरसकट जॅमर म्हणतात. हा खोडा अमेरिकेतील डेन्व्हर शहरात फ्रँक मारुग या गृहस्थाने तयार केला आणि तेथील पोलिसांनी १९५५ साली तो वापरात आणला. मौज अशी की, हे मारुग त्या शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत असत. ओढून नेणाऱ्या क्रेनचा जन्मही त्याच देशातला, १९१६ सालचा, टेनेसी संस्थानातील चॅटानूगा गावचा. अर्नेस्ट होम्स नावाच्या कारागिराने खड्ड्याओढ्यांत पडलेल्या मोटारी वर काढण्याच्या परोपकारी हेतूने ती प्रथम घडविली. म्हणजे पतितांच्या उद्धारासाठी निघालेले एक यंत्र आणि एका वादकाच्या हातून घडलेला एक खोडा, हे दोघे मिळून आज आपल्या रस्त्यांवर कायद्याचे पालन करवीत आहेत. त्यांतल्या त्यात जॅमरमध्ये एक विसंगती अशी आहे की, जे वाहन रस्ता अडविते म्हणून गुन्हेगार ठरले, तेच वाहन जॅमर लागल्यापासून मालक व हवालदार यांची गाठ पडेपर्यंत सरकारी हुकमाने तेथेच रस्ता अडवून उभे राहते.

चौकीत पोचल्यावर हिशेब होतो. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढल्या आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ पासून त्या लागू केल्या. पहिल्या वेळेस पाचशे, पुढच्या वेळेस दीड हजार, आणि वर उचलणावळ. वाहतुकीची वाट अडवून वाहन ठेवणाऱ्यास पूर्वी तासाला पन्नास रुपयांपर्यंत दंड होता, तो पाचशे झाला. सार्वजनिक वाट अडविण्याबद्दल १८६० च्या दंडसंहितेने जो दोनशे रुपयांचा कमाल दंड ठरविला होता, तो मात्र दीडशेहून अधिक वर्षे अविचल राहिला; ज्या रकमेने मेकॉलेच्या पिढीला धडकी भरली असेल, तिचे पुढे दोघांच्या नाश्त्यात रूपांतर झाले, तरी कोणाला तिची दया आली नाही. अखेर जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेने तो पाच हजारांपर्यंत नेला. दंड भरणारा नागरिक प्रत्येक वेळी हेच म्हणतो की, पैशाचे काही नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि हवालदार पावती फाडताना प्रत्येक वेळी हेच दाखवून देतो की, तत्त्वाचे काही नाही, पैशाचा प्रश्न आहे.

आणि हाच नागरिक संध्याकाळी घरी परततो, तेव्हा त्याच्या फाटकासमोर कोणा अपरिचिताची मोटार उभी असते. त्या क्षणी त्याच्या ठायी राज्यशास्त्राचा साक्षात्कार होतो. कायद्याचा धाक उरला नाही, पोलीस काय झोपले आहेत काय, अशांच्या गाड्या थेट भंगारात घातल्या पाहिजेत, असे तो शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, आणि सकाळी ज्या चौकीत भांडून आला, त्याच चौकीला दूरध्वनी करतो. दुसऱ्याची गाडी उचलली जावी व आपली तेवढी सुटावी, एवढीच ज्या प्रजेची मागणी आहे, तिच्यासाठी कोणत्याही विधिमंडळाला कायदा करणे शक्य नाही.

म्हणून निवाडा द्यावयाचा, तर दोन्ही पक्षांस द्यावा लागेल. वाहतूक खात्याने कलम ज्या क्रमाने लिहिले आहे त्याच क्रमाने ते अमलात आणावे. जे वाहन दहा वर्षे हललेले नाही त्यापासून आरंभ करावा, आणि जे दहा मिनिटांत हलणार आहे त्याकडे मागाहून यावे. फलकावरील फांद्या व शुभेच्छा छाटाव्यात. वाचकांनी गाडी लावण्यापूर्वी फलक पाहावा, तारीख पाहावी, रुग्णालयाचे दार आणि बंबाचा नळ मोकळा सोडावा. गाडी उचलू लागलेच, तर हुकूम देणारा गणवेशधारी अंमलदार कोण व कोठे आहे, हे सभ्यपणे विचारावे, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. एवढे करूनही गाडी उचलली गेली, तर पानवाल्याला पत्ता विचारावा. त्याचा पत्ता आजवर कधी चुकल्याचे ऐकिवात नाही.